पिकाच्या पेशीतील हजेरीपट
प्रथिननिर्मितीचे नकाशे आणि त्यांतून शेतीस मिळणारा धडा

पाऊसपाणी मनाजोगते असावे, भात पोटरीवर येत असावे, आणि आठ-पंधरा दिवसांत पानांच्या कडा पिवळ्या पडून शेंड्याकडून खाली वाळत याव्यात, असा अनुभव भात पिकविणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांना आलेला आहे. हा कडा करपा होय. एका सूक्ष्म जंतूमुळे तो होतो. आपल्या देशात या रोगाची शास्त्रीय नोंद १९५९ साली प्रसिद्ध झाली, आणि १९६३ साली बिहारमध्ये त्याने भातपिकाची मोठी हानी केली.

असे करपलेले शेत पाहिले म्हणजे सहज वाटते की, रोगाशी झगडण्याचे काही साधनच या रोपांजवळ नसावे. वस्तुस्थिती तशी नाही. प्रत्येक वनस्पतीजवळ प्रतिकाराची साधने असतात. अडचण आहे ती वेळेची. ही साधने रोपाने उशिरा बाहेर काढली तर रोग पुढे जातो. सदासर्वदा बाहेर काढून ठेवली तर रोपाची शक्ती त्यांतच खर्ची पडते, वाढ खुंटते व दाणा बारीक राहतो. ज्या शेतकऱ्याने बारा महिने पन्नास राखणदार ठेवले त्याच्या खळ्यावरचे धान्य चोराने नेले नाही तरी राखणदारांच्या पोटगीतच संपावयाचे. तेव्हा रोगास तोंड देणारे पण उत्पन्नात न घटणारे वाण हवे असेल, तर रोप कोणते साधन नेमके केव्हा तयार करते हे आधी कळले पाहिजे. हे पाहण्याची एक रीत २००९ साली निघाली, आणि तिने गोळा केलेली माहिती आज इंटरनेटवर नकाशांच्या रूपाने सर्वांना पाहता येते. त्या रीतीची व त्या नकाशांची ओळख ग्रामसेवकांस व जिज्ञासू शेतकऱ्यांस असावी, म्हणून हा लेख.

दप्तर, नक्कल आणि कारागीर

प्रथिन हा शब्द डाळी-दुधाच्या संदर्भात आपल्या परिचयाचा आहे. परंतु प्रथिने ही केवळ अन्नातील वस्तू नव्हे. पेशीतील बहुतेक सर्व कामे प्रथिनेच करतात. उन्हाच्या साहाय्याने अन्न तयार करणे, मुळांवाटे क्षार आत घेणे, रोगजंतू ओळखणे व त्याला अटकाव करणे, ही कामे निरनिराळ्या प्रथिनांकडे वाटून दिलेली असतात. म्हणून कोणती प्रथिने तयार होत आहेत हे कळले, की पीक त्या घटकेला काय करीत आहे हे कळते.

प्रथिने कशी घडवावयाची याची माहिती डी. एन. ए. नावाच्या लांबलचक धाग्यावर चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली असते. या संपूर्ण लिखाणास जनुकसंच म्हणतात, व त्यातील एकेका कामाच्या लेखास जनुक म्हणतात. गावचे मूळ दप्तर चावडीबाहेर जात नाही. ज्याला उतारा हवा त्याला नक्कल मिळते. पेशीतही तसेच होते. मूळ लिखाण जागेवर राहते आणि हव्या त्या जनुकाची नक्कल तेवढी बाहेर येते. या नकलेस संदेशवाहक आर. एन. ए. असे नाव आहे.

नक्कल हाती घेऊन प्रत्यक्ष प्रथिन घडविणारा कारागीर म्हणजे रायबोसोम. तो नकलेवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. दर वेळी तीन अक्षरे वाचतो, त्या तीन अक्षरांनी सांगितलेले अमिनो आम्ल आणून साखळीस जोडतो, आणि पुढील तीन अक्षरांकडे वळतो. साखळी पुरी झाली की प्रथिन तयार होते. एकाच नकलेवर अनेक रायबोसोम एकामागोमाग काम करीत असतात. पाव फुगविण्यासाठी जे यीस्ट वापरतात त्याच्या एका पेशीत सुमारे दोन लक्ष रायबोसोम असतात, यावरून या कामाच्या व्यापाची कल्पना यावी.

पेशीत काय चालले आहे हे जाणण्यासाठी पूर्वी शास्त्रज्ञ मुख्यतः नकलांची मोजदाद करीत. नकला अधिक, तर प्रथिनही अधिक, असा ढोबळ हिशेब असे. परंतु कचेरीतून रस्त्याच्या कामाचे दहा हुकूम सुटले म्हणजे रस्ता दसपट लांब होतो असे नाही. कामावर किती माणसे प्रत्यक्ष हजर होती हे हजेरीपटावरूनच कळते. पेशीतही नकला पुष्कळ आणि त्यांवर कारागीर मोजकेच, किंवा नकला थोड्या आणि त्यांवर कारागिरांची गर्दी, असे दोन्ही प्रकार घडतात.

हजेरी कशी घेतात

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात निकोलस इंगोलिया, जोनाथन वाइसमन व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली ही हजेरी घेण्याची रीत प्रसिद्ध केली. प्रथम ती यीस्टवर वापरण्यात आली. तिचे टप्पे असे आहेत :

पहिला टप्पा म्हणजे पेशीतील सर्व रायबोसोम जागच्या जागी थांबविणे. यासाठी औषध वापरतात किंवा नमुना तत्काळ गोठवितात. चिखलात लावणी करणाऱ्या बायांची रांग एकाएकी जेथल्या तेथे उभी राहावी, तसे हे होते.

दुसऱ्या टप्प्यात एका विकराच्या साहाय्याने आर. एन. ए.चा उघडा असलेला सर्व भाग कापून टाकतात. रायबोसोमच्या पोटाखाली झाकलेला तुकडा तेवढा शाबूत राहतो. हा तुकडा सुमारे २८ ते ३० अक्षरांचा असतो. चिखलात पाय ठेवला असता ठसा उमटावा तशी ही रायबोसोमची पाऊलखूण होय.

तिसऱ्या टप्प्यात असे लक्षावधी तुकडे गोळा करून यंत्राच्या साहाय्याने त्यांतील अक्षरे वाचतात.

चौथ्या टप्प्यात प्रत्येक तुकडा जनुकसंचातील कोणत्या जागेशी जुळतो ते संगणकाने शोधून काढतात. ज्या जनुकावर पाऊलखुणा पुष्कळ, त्याचे प्रथिन त्या घटकेस जोराने तयार होत होते, असा निष्कर्ष निघतो.

पहिल्याच प्रयोगात असे आढळून आले की, सारख्या संख्येच्या नकलांवर चालणारे काम एका जनुकापासून दुसऱ्या जनुकापर्यंत सुमारे शंभर पटींपर्यंत कमीजास्त असू शकते. नुसत्या नकला मोजून बांधलेला अंदाज किती चुकू शकतो, हे यावरून ध्यानात येईल.

सर्वांस खुले असलेले नकाशे

हजेरी घेतली तरी तिचा कागद कपाटात पडून राहिला तर उपयोग नाही. एकेका प्रयोगातून निघणारे लक्षावधी तुकडे सामान्य माणसाला तर काय, पण पुष्कळ शास्त्रज्ञांनाही नुसते पाहून समजण्यासारखे नसतात. ही अडचण आयर्लंडमधील कॉर्क शहरी असलेल्या युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क या विद्यापीठातील ऑड्रे मिशेल, पावेल बारानोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखली. निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी प्रसिद्ध केलेली माहिती एकत्र करून, एकाच पद्धतीने तिचा हिशेब मांडून, त्यांनी ती चित्ररूपाने इंटरनेटवर ठेवली. या साधनाचे नाव ग्विप्स-व्हिझ असे असून त्याचे सविस्तर वर्णन २०१४ साली प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ येथील शाखेने जनुकसंच पाहण्यासाठी जी चौकट पूर्वीच तयार केली होती, तिच्याच आधारावर ते उभारलेले आहे. माणूस, उंदीर, यीस्ट यांच्याबरोबर मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस हे लहानसे रोपही त्यात आहे. या रोपाला बाजारात मोल नाही. परंतु त्याचा जनुकसंच लहान आणि आयुष्य अल्प, यामुळे वनस्पतिशास्त्रज्ञ बहुतेक नवे प्रयोग प्रथम त्यावर करून पाहतात.

त्याच विद्यापीठाने २०१९ साली ट्रिप्स-व्हिझ नावाचे दुसरे साधन प्रसिद्ध केले. पहिले साधन संपूर्ण दप्तर डोळ्यांपुढे ठेवते. दुसरे एकेक नक्कल घेऊन तिच्यावरील काम बारकाईने दाखविते.

नकाशा कसा वाचावा

नकाशा उघडताना प्रथम सजीवाची निवड करावयाची, मग प्रयोग निवडावयाचा आणि जनुकाचे नाव लिहावयाचे. पडद्यावर एक आडवी रेघ येते. ही रेघ म्हणजे जनुकसंचाचा तेवढा तुकडा, जणू गटाच्या नकाशातील एक बांध. रेघेवर लहानमोठे उभे खांब दिसतात. पर्जन्यमानाच्या तक्त्यात ज्या महिन्याचा खांब उंच त्या महिन्यात पाऊस अधिक, तसेच येथे ज्या जागी खांब उंच त्या जागी रायबोसोमच्या पाऊलखुणा अधिक. शेजारीच नकलांच्या मोजदादीचा आलेख ठेवता येतो. दोहोंची तुलना केली म्हणजे हुकूम किती व हजेरी किती हे एका दृष्टिक्षेपात कळते.

रायबोसोम तीन-तीन अक्षरांनी पुढे सरकत असल्यामुळे चांगल्या प्रयोगातील पाऊलखुणांतही तीनाचा ठेका दिसतो. ट्रिप्स-व्हिझमध्ये हा ठेका तीन रंगांत दाखविलेला असतो. एखाद्या भागात एकच रंग ठळक असेल तर तेथे खरोखरच प्रथिन घडविले जात होते असे समजावे. तिन्ही रंग मिसळलेले असतील तर सावधगिरीने निष्कर्ष काढावा.

नकाशा पाहताना आणखी तीन गोष्टी विसरू नयेत. पहिली गोष्ट अशी की, दोन प्रयोगांतील खांबांची उंची सरळ ताडून पाहू नये. एका शेतात वीस क्विंटल आणि दुसऱ्यात तीस क्विंटल धान्य निघाले एवढ्यावरून कोणते शेत चांगले ते सांगता येत नाही. दर हेक्टरी उतारा काढावा लागतो. त्याचप्रमाणे एकूण किती तुकडे वाचले होते हे धरूनच तुलना करावी. दुसरी गोष्ट, रायबोसोम थांबविण्यासाठी वापरलेल्या औषधामुळेही काही वेळा जनुकाच्या आरंभी पाऊलखुणांचा ढीग साचतो. तो कामाचा जोर नसून रीतीचा दोष असू शकतो. तिसरी गोष्ट, पाऊलखूण न दिसणे म्हणजे ते जनुक निरुपयोगी असणे नव्हे. पानाचा नमुना घेतला असेल तर मुळातील काम त्यात दिसणार नाही. सकाळच्या हजेरीत रात्रपाळीचा माणूस सापडत नाही.

अवर्षण आणि पाणथळ

या रीतीने पिकांविषयी काय कळले? २०१५ साली मक्याच्या रोपांवर अवर्षणाचा ताण देऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ताण पडताच ज्या जनुकांच्या नकला बदलल्या आणि ज्यांच्यावरील रायबोसोमांचे काम बदलले, त्या दोन याद्या ताडून पाहिल्या असता निम्म्याहून कमी जनुके दोन्हींत सामाईक निघाली. नुसत्या नकला मोजणाऱ्यास अवर्षणाची निम्मी कहाणी कळलीच नसती.

मुळांना हवा मिळेनाशी झाली तर काय होते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील शाखेत जूलिया बेली-सेरेस यांच्या प्रयोगशाळेने अरॅबिडॉप्सिसवर तपासले व २०१४ साली प्रसिद्ध केले. प्राणवायूची टंचाई भासताच रोप बहुतेक प्रथिनांचे काम मंदावते व शक्ती राखून ठेवते. निकडीच्या मोजक्या प्रथिनांचे काम तेवढे चालू राहते. दुष्काळात घरधनी नवे बांधकाम थांबवून चूल पेटती ठेवतो, तसाच हा प्रकार. याच बाईंचा पाण्याखाली तग धरणाऱ्या भाताच्या संशोधनातही वाटा होता. त्या भातातील सब-१-ए हे जनुक २००६ साली निश्चित झाले, आणि ते नेहमीच्या संकराने स्वर्णा वाणात आणून तयार केलेले स्वर्णा-सब-१ हे वाण २००९ साली भारतात लागवडीसाठी प्रसृत झाले. पूर आल्यावर ते रोप उंच वाढण्याची धडपड न करता शक्ती राखून बसते, आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा जोम धरते.

फाटकाची गोष्ट

आता आरंभी काढलेल्या प्रश्नाकडे वळावयाचे. रोगाचा प्रतिकार करूनही उत्पन्न घटू नये यासाठी काय करावे?

पाऊलखुणांच्या नकाशांत एक वैशिष्ट्य वारंवार दिसून येते. पुष्कळ नकलांच्या अग्रभागी, मुख्य मजकुराच्या आधी, एक-दोन अगदी छोटे पाठ असतात, आणि त्यांच्यावरही रायबोसोमांच्या खुणा आढळतात. कारागीर आधी हा छोटा पाठ वाचू लागतो, आणि बहुधा तेथूनच गळून पडतो. मुख्य मजकुरापर्यंत थोडेच पोहोचतात. हा छोटा पाठ म्हणजे वाटेवरील फाटक होय. एरवी ते बंद असल्यासारखेच असते. संकट आले की फाटक सैल होते आणि कारागीर मुख्य कामावर धावतात. नव्या नकला तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या शिन्नियान डाँग यांच्या प्रयोगशाळेने अरॅबिडॉप्सिसच्या रोपांना जंतूच्या प्रथिनाचा एक अंश देऊन, रोग आल्याची जाणीव होताच कोणती प्रथिने घडू लागतात, हे पाऊलखुणांच्या रीतीने तपासले. नकलांतील फेरबदल आणि प्रत्यक्ष कामातील फेरबदल यांचा मेळ अगदी थोडा असल्याचे आढळले. टी-बी-एफ-१ या जनुकाच्या अग्रभागी असलेले फाटक रोगाची चाहूल लागताच उघडते, हेही त्यांच्या कामातून स्पष्ट झाले.

यापुढील पाऊल शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वनस्पतीच्या प्रतिकारशक्तीचे कारभारीपण करणारे एन-पी-आर-१ नावाचे प्रथिन आहे. ते भातात सतत भरपूर तयार होऊ दिले तर रोग हटतो, पण रोप खुजे राहते व दाण्यास तोटा येतो. या शास्त्रज्ञांनी चीनमधील वूहान येथील हुआझोंग कृषी विद्यापीठातील सहकाऱ्यांबरोबर एन-पी-आर-१च्या जनुकापुढे टी-बी-एफ-१चे फाटक बसविले आणि असे जनुक भातात घातले. २०१७ साली या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कडा करपा, जंतूंमुळे पानांवर रेषा पाडणारा रोग आणि बुरशीचा करपा, या तिन्हींना या भाताने अधिक चांगले तोंड दिले. आणि प्रायोगिक शेतांत उंची, दाण्यांची संख्या व वजन यांत घट दिसली नाही. राखणदार चोराची चाहूल लागल्यावर येतो आणि एरवी धान्य खात नाही, असे हे साधले.

फाटकाच्या ज्ञानाचा दुसरा उपयोगही झाला आहे. चीनमधील गाओ त्साइशिया यांच्या प्रयोगशाळेने २०१८ साली लेट्यूस या पालेभाजीतील एका जनुकाचे फाटक जनुकसंपादनाने काढून टाकले. त्यामुळे त्या जनुकाचे प्रथिन अधिक प्रमाणात घडू लागले आणि पानांतील क जीवनसत्त्व सुमारे १५० टक्क्यांनी वाढले. मूळ मजकुरास हात न लावता केवळ फाटक हलवून गुण कमीजास्त करता येतो, ही नवी वाट यामुळे मोकळी झाली.

ग्रामसेवकांनी काय सांगावे

या संशोधनाचे वर्णन ऐकून एखादा शेतकरी विचारील की, ते बियाणे कोठे मिळेल? याचे उत्तर स्पष्ट द्यावे. फाटक बसविलेला हा भात प्रयोगातील आहे. भारतात त्याचे बियाणे विक्रीस नाही, आणि परके जनुक घातलेल्या भाताच्या व्यापारी लागवडीस आपल्या देशात परवानगी मिळालेली नाही. कोणी अशा नावाने पुडी विकावयास आणली तर ती घेऊ नये व कृषी विभागास कळवावे.

परंतु ज्ञान प्रयोगशाळेत आहे म्हणून शेतकऱ्याने स्वस्थ बसावे असे नाही. कडा करप्यास तोंड देणारे वाण संकराने पूर्वीच तयार झालेले आहे. हैदराबाद येथील भात संशोधन संस्था व पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र यांनी सांबा मसुरी वाणात प्रतिकाराची तीन जनुके आणून सुधारित सांबा मसुरी हे वाण दिले. ते २००८ साली प्रसृत झाले. आपल्या भागास कोणते प्रतिकारक वाण मानवते, याची चौकशी जवळच्या कृषी विद्यापीठात किंवा संशोधन केंद्रात करावी. कोकणातील शेतकऱ्यांना कर्जत येथील केंद्राकडे विचारता येईल.

रोगाची खात्री करून घेण्याची सोपी युक्तीही प्रत्येकास माहीत असावी. रोगट पानाचा तुकडा कापून त्याचे कापलेले टोक काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावे. थोड्या वेळाने टोकातून दुधासारखा गढूळ धागा पाण्यात उतरताना दिसला, तर तो जंतूंचा रोग समजावा. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडू नयेत, कारण जखमेतून जंतू आत शिरतात. नत्र एकदम न देता विभागून द्यावे. रोगट खाचरातील पाणी शेजारच्या खाचरात सोडू नये. पुढील सालासाठी बियाणे निरोगी शेतातूनच राखावे.

कृषी शाळेतील व महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना मात्र हे नकाशे आजच उघडून पाहता येतील. त्यासाठी फी नाही, परवाना नाही. साधा संगणक व इंटरनेट असले म्हणजे पुरे. ग्रामसेवकांनी एखाद्या संध्याकाळी शाळेच्या संगणकावर असा एक नकाशा गावातील मुलांना उघडून दाखवावा. ज्या प्रयोगास लक्षावधी रुपये लागले त्याची हजेरी आपल्या गावात बसून वाचता येते, हे त्यांना कळेल. उद्या आपल्या मातीतील भातासाठी फाटक कोठे बसवावे हा प्रश्न ज्यांना सोडवावयाचा आहे, ती मुले आज याच शाळांतून शिकत आहेत.